चौतिसाव्या रेषेवरचा रुमाल

८ सप्टेंबर, रविवार

नवा मोसम, नवी वही. वही कसली, मोजणीचं फील्डबुकच. कचेरीतून एक जास्तीचं उचललं. बावीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजतोय, आणि गेली सात वर्षं दर रविवारी या लीगमध्ये अमेरिकन फुटबॉलचा पंच म्हणून उभा राहतोय. जे मोजलं ते त्याच दिवशी लिहायचं, दुसऱ्या दिवशी आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही, ही जुनी सवय.

आज टोलेडोचा सामना स्वच्छ पार पडला. सात जणांच्या चमूत मी रेषेचा पंच. चेंडू जिथून सुटतो त्या रेषेच्या टोकाला उभं राहायचं आणि समोरासमोरचे धिप्पाड गडी एकमेकांना कुठे आणि कसं धरतात ते बघायचं. वावगं दिसलं की कमरेचा पिवळा रुमाल फेकायचा. रुमालाला वजन लागतं, नाहीतर वारा नेतो. बाकीचे त्यात वाळू भरतात, मी मक्याचे दाणे भरतो, बायकोच्या, नेडीनच्या वडिलांच्या शेतातले. गाठ मी स्वतः शिवतो. दुसऱ्याने शिवलेला रुमाल हातात बसत नाही.

सामन्यानंतर व्हर्लने खांद्यावर हात टाकला. व्हर्ल गुस्ताफसन आमचा मुख्य पंच, पांढऱ्या टोपीवाला. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. कॉलेजच्या सामन्यांपासून मी त्याच्याच हाताखाली.

"रॉयस लेका, हा माझा शेवटचा मोसम. जानेवारीतला एक सामना करायचा आणि टोपी खुंटीला टांगायची. तेवढा रुमाल जपून वापर."

जानेवारीतले बाद फेरीचे सामने ज्यांचे गुण चांगले त्यांनाच मिळतात. लीगची कचेरी दर मंगळवारी आमचा एकेक निर्णय चित्रफितीवर तपासून गुण देते. मला जानेवारी अजून लाभलेला नाही. यंदा लाभेल असं वाटतं.

१५ सप्टेंबर, रविवार

ओमाहा. एक विचित्र चूक झाली. लिहून ठेवतो.

सामना संपायला दीड मिनिट बाकी. चेंडू चौतीस यार्डांच्या रेषेवर, माझ्या बाजूला. ओमाहाच्या टोकाच्या गड्याने समोरच्याच्या हेल्मेटची जाळी धरली आणि खसकन ओढली. जाळी ओढली की मान वळते. याहून वाईट फाऊल नाही. मी रुमाल टाकला आणि व्हर्लला बोटांनी नंबर दाखवला: पाच, मग सहा. व्हर्लने कंबरेचं बटण दाबून माईकवर सांगितलं, "जाळी ओढली. नंबर छप्पन्न. पंधरा यार्ड दंड."

आधी सगळं मैदान गप्प झालं, मग हसायला लागलं. ओमाहाचा छप्पन्न नंबरवाला गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसलाय. आज मैदानावर कुणाच्याच पाठीवर छप्पन्न नव्हता.

व्हर्ल माझ्याकडे धावत आला. "काय दाखवलंस तू?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ऊन फार होतं आज.

१७ सप्टेंबर, मंगळवार

लीगच्या कचेरीतून किंबलचा फोन. हा किंबल आमच्या चित्रफिती तपासतो. आवाज असा की दाताचा डॉक्टर बरा.

"मिस्टर स्टकी, नंबर सोडा. नंबर कुणीही चुकतो. फाऊल कुठे आहे?"

"टोकाच्या गड्याने जाळी ओढली."

"त्याचे दोन्ही हात समोरच्याच्या छातीवर आहेत. चार कॅमेऱ्यांतून बघितलं."

मला दिसलं ते दिसलं.

नेडीनने रात्रीच्या जेवणात शेवया घातलेली कोंबडी केली होती. फ्रीजवर अजून गेल्या नाताळात चिलीकॉथीहून आलेलं कार्ड चिकटलेलं आहे. मी म्हटलं, सप्टेंबर उजाडला, काढ ते. ती म्हणाली, "जी बाई दरवर्षी तुझ्यासाठी प्रार्थना करते, तिचं कार्ड मी केरात टाकू? तूच टाक हवं तर." मी टाकलं नाही. त्या बाईंच्या मुलाला एका कॉलेजच्या सामन्यात दुखापत झाली होती आणि मी जवळ होतो, एवढंच.

२२ सप्टेंबर, रविवार

लुइव्हिल. काही नाही. गुण चांगले पडतील.

६ ऑक्टोबर, रविवार

टोलेडो. आज मी रुमाल टाकलाच नाही. हे आधी लिहितो, कारण बाकी सगळे मी टाकला म्हणतात.

शेवटचं मिनिट. चेंडू सुटला, फळी भिडली, मी बघत होतो. काही वावगं नव्हतं. आणि अगदी कानाजवळ कुणीतरी म्हणालं, "दिसलं ना, सर?" दमलेला, तरुण आवाज. मागे वळून पाहिलं तर पाच पावलांवर कुणी नाही. समोर पाहिलं तर रुमाल गवतावर. कमरेला हात लावला. कंबर रिकामी.

व्हर्लने विचारलं, "काय आहे?" आणि माझी बोटं वर गेली. पाच, मग सहा. मी ती वर केली नव्हती, एवढंच सांगू शकतो.

व्हर्लने माईकवर "फाऊल नाही, रुमाल मागे घेतला" म्हणून सांगितलं, आणि माईक बंद करून माझ्या कानात पुटपुटला, "घरी जाऊन झोप काढ."

चेंडू होता चौतिसावर. योगायोग.

८ ऑक्टोबर, मंगळवार

किंबलने चित्रफीत पाठवली. स्वयंपाकघरात संगणकावर लावली. नेडीन भांडी पुसत मागे उभी राहिली.

फितीत मी रुमाल टाकतोय. उजव्या हाताने, खालून वर, नेहमीसारखा. हात माझाच आहे. पण त्याहून वाईट पुढेच होतं. चेंडू मधोमध पळतोय, सगळे पंच चेंडूकडे बघतायत, आणि मी मान वळवून कडेच्या रिकाम्या गवताकडे बघतोय. नुसतं बघत नाही. कुणीतरी हळूहळू चालत जावं आणि आपली नजर त्याच्या मागे जावी, तशी माझी मान वळते. मग थांबते. मग नजर खाली जाते, जमिनीवर, आणि तिथेच राहते.

"कोणाकडे बघतोयस रे?" नेडीनने विचारलं.

"कोणाकडे नाही."

"पुन्हा लाव."

तीन वेळा लावली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तिथे कोणीतरी पडलंय असं बघतोयस तू." आणि भांडी तशीच टाकून बाहेर गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

डोळे ठणठणीत. डॉक्टर म्हणाला, "या वयात असे डोळे! तुमच्यापासून काही लपत नसणार."

दुपारी डीग्राफ आडनावाच्या दोन भावांची हद्द मोजली. धाकटा म्हणतो थोरल्याने कुंपण सरकवलं, थोरला म्हणतो पूर्वीपासून इथेच होतं. दोन फूट खणलं तर जुना दगड निघाला, थोरल्याच्या कुंपणापासून अकरा फूट आत. थोरला दगडाकडे बघतच राहिला. शेवटी म्हणाला, "मला माहीत होतं. पण इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही हो." असली माणसं बघितली की माझं डोकं फिरतं. सही करून निघालो, त्याने पुढे केलेली कॉफीसुद्धा घेतली नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

मेम्फिस. पहिल्या क्वार्टरला, म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांत, खरोखरची जाळी ओढली गेली. रुमाल टाकला, नंबर बरोबर, दंड बरोबर. शेवटच्या मिनिटाला तोच गडी, तीच जाळी, माझ्यापासून चार पावलांवर. हात कमरेला गेला आणि तिथेच राहिला. म्हटलं, हेही खोटं निघालं तर? किंबलच्या फितीत पुन्हा रिकामं गवत निघालं तर?

ते खोटं नव्हतं. सगळ्या मैदानाने पाहिलं.

मेम्फिसचा प्रशिक्षक टोपी आपटत आला. "अहो पंच! पहिल्या क्वार्टरला याच गोष्टीला रुमाल टाकलात ना? मग आता काय झालं? तुमचा नियम घड्याळ बघून बदलतो काय?"

उत्तर आहे, पण ते मैदानावर द्यायचं नसतं. व्हर्लने ते मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: पहिल्या क्वार्टरला नियम चालवायचा, शेवटच्या दोन मिनिटांत सामना खेळाडूंवर सोडायचा. रुमालाने निकाल लागला की लोक पंचाचं नाव लक्षात ठेवतात. चांगल्या पंचाचं नाव कुणाला माहीत नसतं. सगळेच जुने पंच असं करतात. पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यांना पाठ आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी नाश्त्याच्या हॉटेलात वाढणाऱ्या डार्लाने माझ्या टेबलावर पिवळा हातरुमाल टाकला. "छप्पन्न नंबर, अंडी जास्त भाजली. पंधरा यार्ड!" सगळे खिदळले. मीही हसलो. बिल देताना तिला माझं वाईट वाटलं असावं. म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका हो. ज्याच्या मनात काही नाही त्याला कशाची भीती?"

१० नोव्हेंबर, रविवार

ओमाहा. पुन्हा.

या वेळी मी त्याला पाहिलं. नंबर पाहिला, पाठ पाहिली. ओमाहाचा गणवेश निळा आणि त्याचा हिरवा, उजव्या बाहीला फाटलेला. दोन निळ्या गड्यांच्या मधून तो शांतपणे आत आला, हात लांबवला आणि जाळी धरली. कुणाची ते दिसलं नाही. रुमाल मी टाकला. या वेळी मीच टाकला, कबूल. पाच, मग सहा.

कपडे बदलायच्या खोलीत व्हर्लने बाकीच्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

"नऊ वर्षांनी हे मढं कशाला उकरतोस?"

"कुठलं मढं?"

"माझ्याशी वेड पांघरू नकोस, रॉयस. तो नंबर पुन्हा दाखवलास तर किंबल तुला कायमचा घरी बसवणार आहे. मला सांगितलंय त्याने. आणि कुणी जुने अहवाल काढून बसलं तर तू एकटा बसणार नाहीस. त्यावर माझंही नाव आहे."

"तो मुद्दाम दाखवतोय का मी?"

"मग कोण दाखवतंय?" त्याचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "तूही ऐकलंस का?"

"काय?"

तो बुटाची नाडी सोडत बसला. "काही नाही. प्रेक्षकांतलं पोरगं असेल."

व्हर्ल कशाबद्दल बोलत होता ते लिहिलं पाहिजे, नाहीतर ही नोंद अपुरी राहील. दोन हजार दहा, नोव्हेंबर. कॉलेजचा सामना. व्हर्ल मुख्य पंच, मी रेषेवर. डेल्मर बीसली नावाचा वीस वर्षांचा मुलगा, बचावातला, शेवटच्या मिनिटाला पडला तो उठला नाही. मान मोडली. गळ्याखालचं सगळं गेलं. स्ट्रेचर यायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ मी गुडघ्यावर बसून त्याचा हात हातात धरला होता. त्याच्या आईने ते वर प्रेक्षकांतून पाहिलं, म्हणून ती कार्डं.

चौकशी झाली. अहवालातलं वाक्य मला पाठ आहे: "मध्ये आलेल्या खेळाडूंमुळे रेषेच्या पंचास घटना दिसू शकली नाही." वाक्य व्हर्लचं, सही माझी. मध्ये खेळाडू आले होते. येतातच.

३ डिसेंबर, मंगळवार

चिलीकॉथीचं कार्ड यंदा लवकर आलं. नेडीनने फोडलं, वाचलं, आणि फ्रीजवर न लावता माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

वर टाईप केलेला मजकूर. डेल्मर तोंडात काडी धरून एकेक अक्षर दाबतो म्हणे.

"सर, मी तुमचे सगळे सामने बघतो. दुसरं काम काय आहे मला! यंदा तीन वेळा तुम्ही पाच आणि सहा बोटं दाखवलीत. टीव्हीवरचे लोक हसले. मी हसलो नाही. ज्याने माझी जाळी ओढली त्याचा नंबर तुम्हाला माहीत आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. एकदा येऊन जा. डेल्मर."

खाली आईच्या अक्षरात: "रस्ता निसरडा आहे, जपून या. मी ॲपल पाय करीन. तुमची, लॉरीन बीसली."

नेडीन म्हणाली, "छप्पन्न म्हणजे तो?"

"अहवालात आहे, की मला..."

"अहवाल विचारला नाही मी."

१४ डिसेंबर, शनिवार

गाडीतच लिहितोय. चिलीकॉथीच्या बाहेर पेट्रोल पंपावर थांबलोय. वही मांडीवर आहे, अक्षर वाईट येईल.

घर लहान आहे, दाराला लाकडी उतार केलेला. मिसेस बीसलींनी दारातच माझे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. "हेच ते हात," म्हणाल्या. ॲपल पाय कापला, मोठा तुकडा मला दिला. डेल्मर खिडकीशी खुर्चीत. खांदे अजून रुंद आहेत, खाली सगळं ब्लँकेटखाली. भिंतीवर त्याचं हेल्मेट टांगलेलं. जाळी डावीकडे वाकलेली.

आई कॉफी आणायला गेली तसा तो म्हणाला, "सर, एकच विचारायचंय. दिसलं होतं ना?"

तोच आवाज. टोलेडोला कानाशी आला तो. मी तो आवाज नऊ वर्षांपूर्वी ऐकला होता, मैदानावर, एकदाच. इतके दिवस ओळखला नाही.

मी म्हणालो, "मध्ये खेळाडू होते, डेल्मर. दिसलं असतं तर टाकला असता."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पाहुणा लवकर निघाला की बघतात तसं. "बरं," म्हणाला. आई कॉफी घेऊन आली. मी ॲपल पायचा तुकडा संपवला. सगळा संपवला मी तो.

आता खरं लिहितो. या वहीत तरी लिहितो.

मध्ये कुणीही नव्हतं. मी पाच पावलांवर होतो. पहिल्या अर्ध्यात मी छप्पन्न नंबरला दोनदा दंड केला होता. मध्यंतरात व्हर्ल म्हणाला, "बास झालं, आता सामना त्यांच्यावर सोड." दीड मिनिट उरलं असताना छप्पन्नने पुन्हा जाळी ओढली. मला स्वच्छ दिसलं. हात कमरेला गेला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. डेल्मर उठला, हेल्मेट सरळ केलं, माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "दिसलं ना, सर?" मी म्हणालो, "खेळ पोरा, खेळ."

पुढच्याच चेंडूला छप्पन्नने पुन्हा ओढली. आता कुणी काही म्हणत नाही हे त्याला कळलं होतं, म्हणून जोरात ओढली. मी आवाज ऐकला.

चेंडू चौतीस यार्डांच्या रेषेवर होता.

२२ डिसेंबर, रविवार

बर्मिंगहॅम. मोसमातला शेवटचा सामना. सकाळी व्हर्लने सांगितलं, जानेवारी पक्का, दोघांचाही. किंबलला म्हणे माझे बाकीचे निर्णय आवडले. "आज तेवढा नीट राहा. दोन मिनिटांचं काम आहे."

शेवटच्या मिनिटापर्यंत नीट राहिलो. मग चेंडू चौतिसावर आला.

तो आला. हिरवा गणवेश, फाटलेली बाही. या वेळी ज्याची जाळी त्याने धरली तोही दिसला. ओढली. मान वळली. आणि मी मान वळवली नाही, डोळे मिटले नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही. रुमाल सोडला. त्यातले मक्याचे दाणे गवतावर आपटल्याचा आवाज एवढ्या गोंगाटात मला ऐकू आला.

व्हर्ल आला. त्याला सगळं कळलं होतं. "फाऊल नाही म्हण, रॉयस," तो दात आवळून म्हणाला. "हात जोडतो तुझ्यापुढे."

त्याने कंबरेचं बटण दाबलं आणि तोंड उघडलं. त्याच्याआधी मी बोललो. त्याच्या छातीवरच्या माईकजवळ वाकून, सावकाश, हद्दीचे आकडे वाचून दाखवतात तसं.

"नंबर छप्पन्न. जाळी ओढली. दोनदा ओढली. मध्ये कुणी नव्हतं. मी पाच पावलांवर होतो आणि मला दिसलं होतं."

साठ हजार माणसं. कुणाला काही कळलं नाही. कुणीतरी शिट्टी मारली. व्हर्लने बटण बंद केलं आणि पांढरी टोपी काढून तसाच उभा राहिला. मला वाटलं, मारतो आता. तो म्हणाला, "मलाही ऐकू येत होतं. सप्टेंबरपासून."

२४ डिसेंबर, मंगळवार

सकाळी किंबल. लीगला माझी गरज उरलेली नाही. जुन्या अहवालाबद्दल कॉलेजवाले पत्र पाठवतील. मग त्याने विचारलं, "मिस्टर स्टकी, ध्वनिफितीवर तुमच्यानंतर आणखी एक जण बोललाय. 'हो, सर' म्हणतो. गुस्ताफसन म्हणतात ते नव्हते. कोण होतं तुमच्याजवळ?"

मी फोन ठेवला.

दुपारी मिसेस बीसलींचा फोन. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दिसलं होतं तुम्हाला."

"हो."

"दोन्ही वेळा."

"हो."

"मग त्याचा हात कशाला धरलात हो?"

नऊ वर्षं ती बाई माझ्या हातांसाठी प्रार्थना करत होती. नेडीन दारात उभी होती, सगळं ऐकत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती जवळ आली नाही. तिचं बरोबर होतं.

मग पलीकडे काहीतरी बोलणं झालं आणि डेल्मरचा आवाज आला. "सर? आता रविवारी तुम्ही रिकामेच ना?"

१२ जानेवारी, रविवार

आज बाद फेरीचा सामना होता, जो मी आणि व्हर्लने करायचा होता. व्हर्लने स्वतःच राजीनामा दिला. दोन ओळींचा, त्यात माझं नाव नाही. मी सामना चिलीकॉथीत बघितला, डेल्मरच्या शेजारी लाकडी खुर्चीवर बसून.

दार मिसेस बीसलींनीच उघडलं. हात पुढे केला नाही. ॲपल पाय नव्हता, कॉफी नव्हती. त्या स्वयंपाकघरात गेल्या त्या तिथेच राहिल्या. मी अपेक्षाही केली नव्हती.

डेल्मर म्हणाला, "रुमाल आणलाय का?"

तो माझा स्वतःचा, लीगचा नाही, म्हणून राहिला आहे. बाहेर काढला.

"माझ्या मांडीवर ठेवा. मला वजन कळणार नाही, पण दिसेल."

ठेवला, ब्लँकेटवर, दाणे त्याच्या गुडघ्यांमध्ये.

त्याने खेळ ठरवला होता. पडद्यावर जे वावगं दिसेल ते मी मोठ्याने सांगायचं, पहिलं मिनिट असो की शेवटचं, दोघांना सारखं. मी सांगत गेलो. "धरलं, बहात्तर." "आधी हलला, चौसष्ट." मैदानावरचे पंच अर्धे देत होते, अर्धे सोडत होते, शेवटाकडे तर सगळेच सोडायला लागले. डेल्मर हसायचा. "बघा, बघा, तुमची जातकुळी!" चांगलं हसतो तो. मला ते माहीत नव्हतं.

दीड मिनिट उरलं. चेंडू चौतिसावर आला.

फळी भिडली. तो आत आला. लहान पडद्यावर, पिवळ्या आणि काळ्या गणवेशांच्या मधून, फाटक्या बाहीचा हिरवा. टीव्हीवरचे लोक दुसरंच काही बोलत होते.

"छप्पन्न," मी म्हणालो.

"छप्पन्न," डेल्मर म्हणाला. माझ्या आधी की नंतर, आता सांगता येत नाही.

काहीतरी आपटलं. जमिनीवर दाणे आपटावेत तसं. मी त्याच्या मांडीकडे पाहिलं. ब्लँकेट रिकामं होतं. रुमाल खोलीच्या पलीकडे, टीव्हीच्या पायाशी पडला होता, माझ्यापासून चांगल्या पाच पावलांवर.

"मी नाही," मी म्हणालो.

"मी कसा असेन, सर?" डेल्मर म्हणाला. त्याचे हात जिथे होते तिथेच होते, तळवे वर.

मिसेस बीसली स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, मुलाच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. पुढे येऊन रुमाल उचलला, झटकला, आणि पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवून ब्लँकेट नीट केलं.

"अजून दीड मिनिट आहे," त्या मला म्हणाल्या. "कॉफी घेणार का?"